ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली का?

दाढदुखी रात्रीच जास्त का छळते? याच्या उत्तराचा काही भाग भौतिकशास्त्रात आहे.

बोटाला लागले की बोट सुजते, कारण कातडी ताणली जाते. दातात तशी सोय नाही. दाताच्या पोटात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला मऊ गर असतो व त्याभोवती कठीण भिंती. कीड गरापर्यंत पोचली की गर सुजू लागतो. पण फुगायला जागा नसल्याने आतला दाब वाढतो आणि नाडीच्या ठोक्याबरोबर दाढ ठणकते. बसलेले असताना जबडा हृदयाच्या सुमारे २५ सेंटिमीटर वर असतो. रक्ताच्या एवढ्या उंच स्तंभाचा दाब पाऱ्याच्या सुमारे २० मिलिमीटरइतका भरतो. आडवे होताच ही उंची जाते, जबड्याकडील रक्तदाब वाढतो आणि ठणकाही.

मग एके दिवशी दुखणे अचानक थांबते. घरचे म्हणतात, लवंगेच्या तेलाने गुण आला! वास्तविक लवंगेतील युजेनॉल काही काळ बधिरता आणते, एवढेच. पुष्कळदा गरच मेलेला असतो. मेलेला गर दुखत नाही. पण जंतू मुळाच्या टोकातून हाडात शिरतात आणि तेथे पू साचतो. मेलेल्या गरात रक्त फिरत नाही, म्हणून नुसत्या गोळ्या तेथे पोचत नाहीत. दाताचे मूळ साफ करावे लागते किंवा दात काढावा लागतो.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली आपल्या नाशिकमध्येच स्थापन झाले. तरीही येथली मुले गाल धरून परीक्षेला बसतात आणि आपण शिक्षक "पेपर संपू दे, मग बघू" म्हणतो. हे मला चूक वाटते. दातांची संख्या पाठ करून घेतो, तसे पुढील तीन नियमही वर्गात शिकवले पाहिजेत. थंड-गरम लागल्यावर कळ रेंगाळत असेल, तर काही दिवसांतच दंतवैद्य गाठावा. हिरडीवर फोड किंवा गालावर सूज आली, तर त्याच दिवशी. सूज जबड्याखाली वा डोळ्याकडे पसरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळणे किंवा श्वास घेणे जड झाले, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय! जबड्याखालची अशी सूज श्वासमार्ग बंद करू शकते. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये तिचे वर्णन केले होते.

फ्यूज उडून दिवा विझला, तर बिघाड दुरुस्त झाला असे आपण म्हणत नाही. मग दाढेच्या बाबतीत तसे का म्हणावे?