भांड्यांची पाळी आणि घराचा हिशेब

घर म्हटले की भांड्याला भांडे लागायचेच, असे आपल्याकडे म्हटले जाते. कलह निवविण्यासाठी वडीलधारी माणसे हे वाक्य उच्चारतात आणि विषय तेथेच मिटतो. परंतु हे भांडण पुष्कळदा खरोखरच भांड्यांवरून झालेले असते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. रात्रीची जेवणे उरकली, मोरीत ताटे-पातेल्यांचा ढीग पडला, की ‘आज पाळी कोणाची?’ हा प्रश्न निघतो. थोरली जाऊ म्हणते, सकाळची मी घासली. धाकटी म्हणते, काल पाहुण्यांची मी काढली. मुलगी म्हणते, उद्या माझी परीक्षा आहे. बाहेरच्या खोलीतील पुरुष मंडळी ‘बायकांची कटकट’ म्हणून दूरचित्रवाणीचा आवाज वाढवतात.

वास्तविक ही कटकट नव्हे, हा हिशेब आहे. ज्या कामाला मजुरी नाही, हजेरीपट नाही आणि सुटीही नाही, त्याचा हिशेब मांडण्याची दुसरी कोणतीही सोय घरात नसल्यामुळे तो भांडणाच्या रूपाने मांडला जातो. मात्र त्यात एक मोठी उणीव राहते. ‘पाळी कोणाची’ यावर वाद होतो. ‘पाळीच्या यादीत नावे कोणाची’ यावर होत नाही. ती यादी सासू, सून, जाऊ, नणंद आणि मुलगी एवढ्यांतच संपते.

भांडी घासणे हे पुरुषांना न जमणारे काम आहे काय? छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबणाऱ्या प्रवाशांच्या चहा-जेवणाची सोय करणारी हॉटेले आहेत. महाराष्ट्रात अशा कोणत्याही हॉटेलात पाहावे; कपबश्या विसळणारे आणि कढया खरवडणारे हात पुष्कळदा पुरुषांचेच असतात. तेथे त्यांना ना कमीपणा वाटतो, ना काम अवघड जाते. तोच पुरुष घरी परतल्यावर जेवून ताटावरून तसाच उठतो. काम तेच, हातही तेच. फरक केवळ मजुरीचा. जेथे मोबदला आहे तेथे पुरुषाचा हात भांड्यापर्यंत पोहोचतो. मोबदला संपला की ते काम ‘बायकांचे’ ठरते.

मराठवाड्यात तर या कामाला पाण्याच्या टंचाईची जोड आहे. १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेल्या पिढीला राखेने भांडी घासून ती तांब्याभर पाण्यात विसळण्याची युक्ती शिकवावी लागत नाही. टंचाईच्या दिवसांत पाणी आणणे आणि भांडी घासणे ही दोन कामे राहत नाहीत. ते एकच लांबलेले काम होते आणि ते बहुधा एकाच व्यक्तीच्या अंगावर पडते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. सहा वर्षे व त्यावरील वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ८१ जणी, तर पुरुषांपैकी केवळ २६ जण विनामोबदला घरकाम करतात, असे तीत आढळले. हे काम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषाचा ९७ मिनिटे वेळ त्यात जात होता. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. स्त्रीचा भार दहा मिनिटांनी हलका झाला. पण पुरुषाने तो उचलला म्हणून नव्हे, कारण त्याचीही मिनिटे घटलीच.

अर्थशास्त्रालाही या कामाचे कोडे पूर्वीपासून पडलेले आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकाम करणारणीशी विवाह केला, तर काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवून दिली. आपल्याकडे गृहिणीच्या श्रमाला रुपयांत किंमत येते ती बहुधा तिच्या मृत्यूनंतर, अपघाताच्या भरपाईचा दावा उभा राहिला म्हणजे. २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरणे हे तिच्या श्रमाचा सन्मान करणे होय, अशी भूमिका घेतली. हा सन्मान तिच्या हयातीत, तिच्याच मोरीपाशी का होऊ नये?

पुरुष कमावतो, म्हणून स्त्रीने घर सांभाळावे, ही वाटणी न्याय्यच आहे, असे यावर म्हटले जाईल. परंतु सून शाळेत शिकवू लागली किंवा कचेरीत नोकरीला लागली म्हणून भांड्यांची यादी बदललेली दिसत नाही. बहीण-भाऊ दोघांचीही परीक्षा असते, तेव्हा मोरीवरून हाक मात्र बहिणीलाच येते. मोलकरीण ठेवली तर घरातला वाद मिटतो हे खरे. तथापि काम एका स्त्रीकडून दुसरीकडे जाते, आणि त्या दुसरीच्या घरचा ढीग तिची वाट पाहत असतोच.

सेवाग्रामच्या आश्रमात ज्याने त्याने आपले ताट घासण्याची शिस्त होती. ही सुरुवात चांगली आहे, पण पुरेशी नाही. स्वतःचे ताट विसळणे सोपे. खरा भार असतो तो करपलेल्या दुधाच्या पातेल्याचा आणि तेलकट कढईचा. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरावर पाळी लिहावी, त्यात घरातल्या प्रत्येक कर्त्या माणसाचे नाव असावे, आणि कढई-पातेल्यांचीही वाटणी त्याच यादीत व्हावी. शिक्षकांनी आणि कारकुनांनी हे आधी आपल्या घरी करावे. शाळा-कचेरीतला हजेरीपट त्यांना नवा नाही.

भांड्याला भांडे लागायचेच. ते लागू नये म्हणून बायकांना गप्प बसविण्यापेक्षा भांड्यांना लागणारे हात वाढवावेत, हे अधिक शहाणपणाचे होईल. मुलीला अभ्यासासाठी मिळालेला रात्रीचा एक तास कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात दिसणार नाही. पण तिच्या आयुष्यात तो दिसल्याशिवाय राहणार नाही.