विश्लेषण : दुरुस्तीनंतरही गाडीतला बिघाड कायम... ग्राहकाने दाद कुठे, कशी मागायची?

गाडी सर्व्हिस सेंटरला दिली, बिल भरले, घरी आणली आणि दोन दिवसांत तोच आवाज पुन्हा सुरू झाला. पुन्हा नेली तर ‘आता सगळं ओके आहे’ हे उत्तर. असा अनुभव घेतलेल्या बहुतेकांची पहिली मागणी असते ‘गाडीच बदलून द्या’. मात्र, कायद्याच्या कसोटीवर हीच मागणी सर्वांत अवघड ठरते. तुलनेने सोपा आणि खात्रीचा मार्ग वेगळा आहे. तो कोणता?

तक्रारींची व्याप्ती किती?

वाहनांच्या विक्रीपश्चात सेवेचा प्रश्न २०२४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर गाजला. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात ओला इलेक्ट्रिकविरोधात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १० हजार ६४४ तक्रारी आल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला कारणे दाखवा नोटीस बजावली. ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्याचा दावा कंपनीने केला. त्यानंतर प्राधिकरणाने प्रकरणाची पुढील चौकशी सुरू केली. अशी कारवाई ग्राहकवर्गाच्या हितासाठी असते. एखाद्याच्या गाडीच्या बिलाचे पैसे परत हवे असतील, तर त्याला स्वतःच ग्राहक आयोगाकडे जावे लागते.

बिघाड गाडीचा की कामाचा?

सगळ्या प्रकरणाचा निकाल या एका प्रश्नावर अवलंबून असतो. गाडी मुळातच सदोष असेल, तर तो उत्पादनातील दोष. गाडी चांगली, पण दुरुस्ती नीट झाली नाही, चुकीचा पार्ट बसवला किंवा न केलेल्या कामाचे पैसे लावले, तर ती ‘सेवेतील त्रुटी’. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दोन्हींवर दाद मागता येते, पण पुरावे वेगळे लागतात.

उत्पादनातील दोष सिद्ध करायला तांत्रिक तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आयोग तपासणीचा आदेश देऊ शकतो, पण तिचे शुल्क साधारणपणे आधी तक्रारदाराला भरावे लागते. तपासणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत, तर असलेली पाच महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात याहून बराच वेळ लागतो. सेवेतील त्रुटी मात्र बऱ्याचदा कागदपत्रांवरूनच दाखवता येते. एकाच तक्रारीसाठी गाडी दोन महिन्यांत चार वेळा आत गेली, हे चार जॉब कार्डच सांगतात.

न्यायालयांची भूमिका काय?

मारुती उद्योगविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले, की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची हमी असेल, तर त्याआधारे अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. ग्राहकाला झालेल्या त्रासासाठी मात्र भरपाई देण्यात आली. भारतात अमेरिकेसारखा ‘लेमन लॉ’, म्हणजे ठरावीक वेळा दुरुस्ती फसली की गाडी बदलून किंवा पैसे परत देण्याची सक्ती करणारा वेगळा कायदा, नाही.

दुसरा महत्त्वाचा निकाल गोव्यातील प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. ग्राहकाने २०११ चे मॉडेल मागितले होते. डीलरने २००९ मध्ये बनलेली, आधी चालवलेली गाडी दिली. डीलर आणि कंपनी यांच्यातील व्यवहार स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता आणि कंपनीला डीलरच्या या कृत्याची माहिती होती, हे सिद्ध झाले नाही. त्यामुळे टाटा मोटर्सवर जबाबदारी टाकता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. दुरुस्तीच्या तक्रारीतही हा धडा उपयोगी आहे. डीलरच्या चुकीसाठी केवळ कंपनीकडे बोट दाखवून भागत नाही. डीलरला पक्षकार करायलाच हवे. वॉरंटीचा प्रश्न असेल, तर कंपनीलाही. शिवाय कंपनीच्या ग्राहक कक्षाला प्रत्येक टप्प्यावर ई-मेल केला असेल, तर ‘आम्हाला माहीतच नव्हते’ असे तिला म्हणता येत नाही.

कोणते कागद जपायचे?

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे जॉब कार्ड. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर अनेकदा त्यावर ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहितो. तिथेच थांबवून तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी : ‘ब्रेक लावल्यावर पुढच्या डाव्या चाकातून आवाज, ही तिसरी खेप’. किलोमीटरची नोंद, तारीख आणि प्रत मागावी. पैसे देऊन बदललेला जुना पार्ट परत मागावा. गाडी ताब्यात घेताना सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला सोबत घेऊन चालवून पाहावी आणि बिघाड कायम असेल, तर समाधानपत्रावर सही करू नये. किमान सहीखाली ‘तक्रार कायम’ असे लिहावे.

बिल अडवून धरण्याचा मोह टाळावा. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार काम करणाऱ्याला त्याच्या मोबदल्यासाठी वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क मिळतो. त्यामुळे वाद वाढतो आणि गाडी आतच राहते. ‘हरकत नोंदवून रक्कम भरत आहे’ असे लेखी कळवून पैसे भरावेत, गाडी सोडवावी आणि मग परतावा मागावा.

दाद कुठे मागायची?

आधी डीलर व कंपनीला ठरावीक मुदत देणारे लेखी पत्र किंवा ई-मेल पाठवावा. वकिलाची नोटीस सक्तीची नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते; तिथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण अनेक कंपन्या या टप्प्यावर हलतात.

त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार इथेच करायची. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. डीलर दुसऱ्या शहरात असला तरी तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऑनलाइन दाखल करण्यासाठी ‘ई-जागृती’ पोर्टल आहे. वकील नेमणे बंधनकारक नाही. पोट भरण्यासाठी स्वतः रिक्षा किंवा टॅक्सी चालवणाराही कायद्याने ग्राहकच ठरतो.

मुदत विसरू नये : तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ या आश्वासनांवर विसंबून बसलात, तरी मुदत थांबत नाही.

मागायचे काय?

फसलेल्या दुरुस्तीच्या बिलाचा परतावा, दुसरीकडे करून घेतलेल्या कामाचा खर्च, गाडी बंद असतानाचा प्रवासखर्च, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. प्रत्येक आकड्यामागे पावती हवी. अख्खी गाडी बदलून मागायची असेल, तर ती पर्यायी मागणी म्हणून आणि तज्ज्ञाच्या अहवालाच्या बळावरच मागावी. नाही तर मोठ्या मागणीच्या नादात हातात असलेला पक्का दावाही कमकुवत होतो.