कामलेच्या रुग्णास विचारावयाचा एक प्रश्न

अकलूज परिसरात कावीळ झालेला रुग्ण प्रथम वैद्याकडे येतो असे नाही. कोणी काविळीचे औषध देणाऱ्याकडून नाकात देवडांगरीचे थेंब घालून घेतो, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ते पिवळे झाल्याचे समाधान मानतो आणि पुष्कळजण थेट औषधी दुकानातून ‘लिव्हरच्या गोळ्या’ नेतात. पहिल्या दोहोंवर आपण टीका करतो. तिसऱ्याविषयी मात्र मौन बाळगतो, कारण त्यात आपलाही व्यवहार गुंतलेला आहे.

यकृत दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त निर्माण करते. पित्ताशयात त्यातील जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावते, परंतु तेथे जलांश शोषला जाऊन ते दाट होते. स्निग्ध अन्न ग्रहणीत उतरले की पित्ताशय आकुंचन पावते, पित्त अन्नात मिसळते व स्नेहाचे सूक्ष्म कण होतात. मगच स्वादुपिंडाचा रस त्यांवर नीट कार्य करू शकतो. मलाचा नेहमीचा रंगही या पित्तामुळेच. हा मार्ग खड्याने वा गाठीने रोधला गेला, की मल फिका पडतो, मूत्र गडद होते, त्वचेला कंडू सुटते. जीवनसत्त्व ‘के’ शोषले न गेल्याने रक्त गोठण्यास विलंब लागतो. अशा रुग्णात रक्तमोक्षणाचा विचारही धोक्याचा.

चरकाचार्यांनी शाखाश्रित कामलेत मल तिळाच्या कल्कासारखा होतो असे सांगून तिची चिकित्सा निराळी ठेवली आहे. विरेचन हा बहुपित्त कामलेचा उपक्रम. असे असता पिवळे डोळे दिसताच सर्वांना सरसकट आरोग्यवर्धिनी देणे कोणत्या शास्त्रात बसते? या कल्पात निम्मा भाग कुटकीचा, म्हणजे भेदन द्रव्याचा आहे. शिवाय तो पारदयुक्त असल्याने वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावा अशी सूचना वेष्टनावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती सूचना वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा!

मलाचा रंग विचारल्याने निदान पूर्ण होते, असे आमचे म्हणणे नाही. यकृतशोथातही काही दिवस मल फिका होऊ शकतो. म्हणूनच अशा रुग्णाची सोनोग्राफी व रक्ततपासणी टाळू नये. थंडी वाजून ताप आणि उजव्या कुशीत शूल असल्यास पित्तमार्गात पाक झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. तेथे आठवड्याचा पुडा देऊन वाट पाहण्यास अवकाश नसतो. रुग्ण पाठविल्याने आयुर्वेदाला कमीपणा येतो ही समजूत आम्हांस मान्य नाही. अवरोध दूर झाल्यावर अग्निमांद्य, अरुची, दौर्बल्य यांसाठी तोच रुग्ण आपल्याकडे परत येतो व तेथे आपले काम उत्तम होते.

औषधी दुकानदार बंधूंना आमची विनंती आहे की काविळीसाठी गोळ्या मागणाऱ्यास मलाचा रंग, ताप व पोटदुखी एवढे विचारावे आणि उत्तर शंकास्पद वाटल्यास गोळ्या न देता त्याला वैद्याचा पत्ता द्यावा.