कालवा सर्वांचा, खर्चही सर्वांचाच

इंग्लंड आणि वेल्समधले कालवे खोदले गेले ते मालवाहतुकीसाठी. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांच्या वर्स्ली येथील खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे नेणारा कालवा 1761 मध्ये सुरू झाला आणि शहरातला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. त्या कालव्याचे काम पाहणाऱ्या जेम्स ब्रिंडली यांनी पुढे इतर कालव्यांचीही आखणी केली आणि दोन-तीन पिढ्यांत देशभर पाणवाटांचे जाळे विणले गेले. मग रेल्वे आली आणि माल रुळांवर गेला. 1 जानेवारी 1948 रोजी बहुतेक कालवे सरकारी मालकीचे झाले. 1962-63 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात पाणी आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि उरलासुरला मालाचा धंदाही बसला.

तरी कालवे बुजवले गेले नाहीत, याचे मोठे श्रेय सामान्य नागरिकांना जाते. एल. टी. सी. रोल्ट यांनी नावेतून केलेल्या प्रवासावरचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक 1944 मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचून रॉबर्ट एकमन त्यांना भेटले आणि 1946 मध्ये ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. गाळाने भरलेले कालवे स्वयंसेवकांनी जागोजागी हाताने मोकळे केले. केनेट अँड एव्हन कालव्यावरची सलग वाहतूक विसाव्या शतकाच्या मध्याला बंद पडली होती. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर 1990 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला.

आजच्या व्यवस्थेचा कायदेशीर पाया 1968 च्या वाहतूक कायद्यात आहे. त्याने सरकारी कालव्यांचे व्यापारी, नौकाविहाराचे आणि उरलेले असे तीन वर्ग केले. त्याच कायद्याने नाव चालवण्याचा जुना सार्वजनिक हक्क संपवला आणि त्याच्या बदल्यात पहिल्या दोन वर्गांतले कालवे नावांसाठी चालू ठेवण्याचे बंधन सरकारी मंडळावर घातले. जुलै 2012 पासून ही जबाबदारी ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आहे. तिच्या ताब्यात सुमारे 3,200 किलोमीटर लांबीचे कालवे आणि नद्या आहेत. त्यांवर सुमारे 35 हजार नावा आहेत. काठाने पूर्वी नाव ओढणारे घोडे चालत. त्या घोडेवाटांवर आता माणसे फिरतात, धावतात, सायकली चालवतात आणि त्यासाठी कोणालाही तिकीट पडत नाही. नाव ठेवणाऱ्याला मात्र परवाना, विमा आणि दर चार वर्षांनी सुरक्षिततेचा दाखला लागतो.

नाव बांधण्याचे नियम वरवर किरकोळ वाटतात, पण कालव्याचे आरोग्य बरेचसे त्यांवर टिकून असते. नाव घोडेवाटेच्या बाजूला लावायची, पुढून आणि मागून दोर घ्यायचे आणि काठावर लोखंडी मेखा ठोकून ते ताणून बांधायचे. मेखा पाण्याच्या कडेलाच ठोकायच्या, म्हणजे दोर वाटेत येऊन चालणारा अडखळत नाही. जलपाशापाशी (दारे उघडून-मिटून नाव वरच्या किंवा खालच्या पातळीत नेणाऱ्या कुंडापाशी) नावा थांबण्याची जागा, पाणी भरण्याचे नळ, पुलाखालची अरुंद जागा, आंधळी वळणे आणि लांब नाव वळवण्यासाठी ठेवलेला रुंद भाग इथे मुक्काम करायचा नाही. रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही. बांधलेल्या नावेजवळून जाताना वेग अगदी कमी करायचा, कारण चालत्या नावेने ढकललेले पाणी उभ्या नावेला खेचते आणि मेखा उपटून काढते. वेगाची मर्यादाच मुळी ताशी चार मैलांची आहे. त्याहून वेगाने गेल्यास लाटा काठ पोखरतात, माती तळाला बसते आणि उद्याचा गाळ आजच तयार होतो.

मुक्कामाचा सगळ्यात वादाचा नियम चौदा दिवसांचा आहे. ब्रिटिश वॉटरवेज कायदा 1995 नुसार परवाना मिळवण्यासाठी नावेला कायमची बांधण्याची जागा हवी. तशी जागा नसेल तर नाव खरोखर प्रवासात असली पाहिजे आणि एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. आजारपणासारखे सबळ कारण असल्यास जास्त मुदत मिळते. मात्र ‘ठिकाण’ म्हणजे नेमके केवढे आणि पुढे किती अंतर गेले म्हणजे प्रवास झाला, हे कायद्याने सांगितलेले नाही. लंडनमध्ये घरभाडे न परवडल्याने नावेत संसार थाटलेली अनेक कुटुंबे आहेत. मुलांची शाळा आणि नोकरी एकाच भागात ठेवून नाव सतत हलवत राहणे त्यांना जड जाते. दुसरीकडे, नावा एकाच भागात राहिल्याने पाहुण्या नावांना जागा मिळत नाही, ही तक्रारही खरी आहे. यावर उपाय अधिकाऱ्यांच्या मर्जीतून निघणार नाही. अंतर आणि मुदत संसदेने स्पष्ट शब्दांत ठरवली पाहिजे आणि शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांसाठी परवडणाऱ्या कायम जागा काठावर वाढवल्या पाहिजेत.

देखभालीचे काम बहुतांशी दिसत नाही. कालव्याच्या तळाला आणि बाजूंना पाणी घालून तुडवलेल्या चिकणमातीचा थर असतो आणि तोच पाणी धरून ठेवतो. गाळ साचला की नाव तळाला घासते, म्हणून तो उपसावा लागतो. जलपाशाचे दरवाजे ओकच्या लाकडाचे असतात आणि सुमारे पंचवीस वर्षांत बदलावे लागतात. ते ब्रॅडली आणि स्टॅनली फेरी येथील कार्यशाळांत प्रत्येक जलपाशाच्या मापाने घडवले जातात. मोठी दुरुस्ती हिवाळ्यात होते. दोन्ही बाजूंच्या खाचांत फळ्या बसवून पाणी अडवतात, मधला भाग कोरडा करतात आणि मग गवंडी व सुतार आत उतरतात.

पाणी हीसुद्धा जपण्याची वस्तू आहे. अरुंद जलपाशातून एक नाव गेली की सुमारे एक लाख लिटर पाणी खालच्या टप्प्यात जाते. वरच्या टप्प्यातली ही तूट जुने जलाशय भरून काढतात, त्यामुळे पाऊस ओढ देतो तेव्हा कालवे बंद ठेवावे लागतात. 2025 च्या उन्हाळ्यात अनेक मार्गांवर हेच झाले.

दुर्लक्षाची किंमत किती असते, हे मिडलविच इथे दिसले. मार्च 2018 मध्ये तिथल्या शाखा कालव्याच्या एका जलपाशाच्या झडपा उघड्या राहिल्या. वरचे पाणी खालच्या टप्प्यात येत राहिले, भरावावरून वाहू लागले आणि व्हीलॉक नदीजवळचा भराव वाहून गेला. कालवा पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर उजाडला. त्याच वर्षी 27 सप्टेंबरला पुण्यात मुठा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटून वस्तीत पाणी शिरले. तो सिंचनाचा आणि पिण्याच्या पाण्याचा कालवा, म्हणजे उपयोग अगदी वेगळा. पण भराव नियमित तपासण्याची गरज दोन्हीकडे सारखीच आहे. ऑगस्ट 2019 मध्ये व्हेली ब्रिज गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या टॉडब्रुक जलाशयाच्या सांडव्याचा काही भाग मुसळधार पावसात ढासळला आणि सुमारे दीड हजार लोकांना घरे सोडावी लागली. हा जलाशय पीक फॉरेस्ट कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला आहे. ज्यांनी आयुष्यात कधी नावेत पाऊल ठेवले नसेल, त्यांचा जीवही कालव्याच्या देखभालीवर अवलंबून असतो.

तरीही पैशाची दिशा उलटी आहे. जुलै 2023 मध्ये सरकारने 2027 ते 2037 या दहा वर्षांसाठी सुमारे 40 कोटी पौंडांचे अनुदान जाहीर केले, पण ते दरवर्षी कमी होत जाणार आहे. तूट भरण्यासाठी परवाना शुल्क वाढले आणि 2024 पासून कायम जागा नसलेल्या नावांवर अधिभारही आला. नावाड्यांनी आपला वाटा द्यायलाच हवा. परंतु घोडेवाटेवर चालणारे, पुराच्या धोक्यात राहणारे आणि कालव्याकाठी घरे घेणारे नावाड्यांहून कितीतरी जास्त आहेत. धरणाची भिंत आणि कालव्याचा भराव या रस्ता-पुलांसारख्याच सार्वजनिक गोष्टी आहेत. त्यांच्या सुरक्षेचा खर्च करातून व्हावा, तो महागाईबरोबर वाढावा आणि नावेच्या शुल्कातून घाट, नळ, मुक्कामाच्या जागा अशा नावांच्या सोयी राखाव्यात. अशी विभागणी केली तर नावेत राहणाऱ्या गरीब कुटुंबावर धरणाच्या दुरुस्तीचा बोजा पडणार नाही आणि अनुदानाअभावी दुरुस्ती रखडणारही नाही.