डॉक्टर व्हायचे, म्हणून गाव सोडायचे?

दहावीचा निकाल लागला की आपल्या शाळेच्या कार्यालयात दोन गोष्टींसाठी गर्दी होते. एक गुणपत्रिका आणि दुसरी टीसी. टीसी नेणाऱ्या पालकांना सहज विचारले, "पुढे कुठे घालताय?" की अलीकडे बहुतेक वेळा एकच उत्तर येते, "मेडिकलला घालायचे आहे, म्हणून बाहेर पाठवतोय." बाहेर म्हणजे कुणाला लातूर, कुणाला कोटा, कुणाला कोल्हापूर, पुणे किंवा बंगळूर. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असतो. घरात कुणी डॉक्टर नसतो, त्यामुळे विचारायचे कुणाला हाही प्रश्न असतो. मग शेजारच्याने पाठवले म्हणून आपणही पाठवतो.

मुलांनी मोठी स्वप्ने पाहावीत, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु कॉलेज बदलणे ही केवळ सामान उचलून वसतिगृहात ठेवण्याची गोष्ट नाही. त्याबरोबर राज्य बदलते, पाठ्यपुस्तक बदलते, भाषा बदलते आणि प्रवेशाचा हक्कही बदलू शकतो. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, निव्वळ भीतीपोटी दहावीनंतर गाव सोडू नये. सोडायचेच असेल तर चार गोष्टी तपासून मग सोडावे.

पहिली गोष्ट प्रवेशाच्या हक्काची. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर एमबीबीएससाठी नीट ही देशभर एकच परीक्षा झाली. परीक्षा एक झाली म्हणून अनेकांना वाटते की, मूल कुठेही शिकले तरी सारखेच. तसे नाही. राज्यातील सरकारी महाविद्यालयांच्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. तिथे कोणत्याही राज्याचा विद्यार्थी चालतो. उरलेल्या पंच्याऐंशी टक्के जागा राज्य आपल्या नियमांनी भरते. महाराष्ट्राचा नियम असा की, तिथले अधिवास प्रमाणपत्र हवे आणि दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या हव्यात. कर्नाटकात साधारणपणे पहिलीपासून बारावीपर्यंतची किमान सात शैक्षणिक वर्षे राज्यात शिकल्याची अट असते. सरकारी नोकरीतील बदली वगैरे काही अपवाद दोन्हीकडे आहेत, पण ते थोड्यांसाठी.

आता आपल्या मुलांकडे पाहू. बेळगावात दहावी झालेला मुलगा बारावीसाठी कोल्हापूरला गेला, तर तो महाराष्ट्राच्या कोट्यात बसत नाही, कारण त्याची दहावी कर्नाटकातली. दुसरे उदाहरण चंदगड भागातून येणाऱ्या मुलांचे. आठवीपासून बेळगावात शिकले आणि पीयूसीही इथेच केली, तर कर्नाटकात पाचच वर्षे भरतात. सात वर्षांची अट पुरी होत नाही आणि दहावी कर्नाटकात झाल्यामुळे महाराष्ट्राची अटही पुरी होत नाही. गुण उत्तम असूनही असा विद्यार्थी दोन्ही राज्यांच्या मधे अडकतो. सीमेवरचे गाव म्हणून आपण आयुष्यभर जे सोसतो, ते इथे मुलाच्या अर्जावर येऊन बसते. सीमाभागातील ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने वैद्यकीय प्रवेशात वेगळी तरतूद ठेवली आहे. तिचा लाभ ज्यांना मिळू शकतो त्यांनी तो जरूर घ्यावा. मात्र त्या जागा मोजक्या असतात आणि त्यांच्या अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शब्दन् शब्द वाचाव्या लागतात. हे वाचन बारावीच्या निकालानंतर करून उपयोग नाही, ते नववीतच व्हायला हवे.

दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकाची. नीटचा अभ्यासक्रम आणि एनसीईआरटीची पुस्तके यांचे नाते सर्वांना ठाऊक आहे. कर्नाटकच्या पीयूसीला विज्ञानाची पुस्तके एनसीईआरटीचीच आहेत. म्हणजे जे पुस्तक मिळवण्यासाठी आपण मुलाला शेकडो मैल दूर पाठवतो, ते आपल्या गल्लीतल्या कॉलेजात त्याच्या हातात येणारच असते. महाराष्ट्र मंडळाची पुस्तके वेगळी आहेत. तिकडे गेलेल्या मुलाला मंडळाचे एक आणि नीटचे एक असे दोन अभ्यास सांभाळावे लागतात. हे गणित मांडून पाहिले तर इथे राहणे हा कमीपणा नाही, सोय आहे.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. मराठी माध्यमातली मुले नीटमध्ये मागे पडतात, म्हणून पहिलीपासूनच इंग्रजी शाळा, असा सूर आजकाल ऐकू येतो. या समजुतीपायी आपल्या शाळांचे वर्ग ओस पडत आहेत, म्हणून याचा नीट विचार करू. २०२५ च्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. एकूण गुण ७२०, बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. निम्मे प्रश्न, म्हणजे ९०, जीवशास्त्राचे. एका प्रश्नाला एक मिनिट. इंग्रजी वाक्य समजायला प्रत्येक प्रश्नामागे दहा सेकंद जास्त लागले, तर पूर्ण पेपरात अर्धा तास जातो. मुलगा हुशारीत कमी पडत नाही, तो वाचण्यात अडखळतो.

नीट मराठीतूनही देता येते, हे खरे. परंतु मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. बेळगावच्या केंद्रावर ती मिळत नाही. शिवाय भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात. म्हणजे आपल्या मुलांना इंग्रजी परिभाषा शिकावीच लागणार. पण त्यासाठी मराठी सोडण्याची गरज नाही. 'पेशी' ज्याला नीट कळली, त्याला 'सेल' हा शब्द शिकायला दोन मिनिटे पुरतात. संकल्पना आपल्या भाषेत पक्की झालेली असते, फक्त नावे नवी असतात. त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. काही ठिकाणी मात्र सावध राहावे लागते. जीवशास्त्रात यकृताचे 'कार्य' म्हणजे फंक्शन आणि भौतिकशास्त्रात 'कार्य' म्हणजे वर्क. बोलताना आपण चाल आणि वेग यांत फरक करत नाही, पण स्पीड आणि व्हेलॉसिटी यांत फरक केला नाही तर एक गुण जातो आणि चार मिळायचे राहतात. ही तयारी आठवीपासून रोज पाच शब्द इतक्या बेताने झाली, तर पीयूसीच्या पहिल्या महिन्यात आपली मुले वर्गात मुकी बसणार नाहीत.

भाषेविषयी आणखी एक. कन्नडच्या तासाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगू इच्छितो की, डॉक्टरला रोग्याचे बोलणे समजावे लागते. बेळगावच्या सरकारी रुग्णालयात येणारी म्हातारी आपले दुखणे मराठीत सांगेल किंवा कन्नडमध्ये, इंग्रजीत सांगणार नाही. दोन्ही भाषा येणारा डॉक्टर या भागात दुप्पट उपयोगी पडतो. मराठीचा अभिमान आणि कन्नडचे ज्ञान यांत काही वैर नाही.

चौथी गोष्ट मनाची. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख मुलांनी नीट दिली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत-बाहेर. म्हणजे बहुसंख्य मुलांना, त्यांत चांगल्या हुशार मुलांनाही, त्या वर्षी जागा मिळणार नाही. हे आधीच माहीत असलेल्या घरात मूल सावरते. जिथे शेत गहाण टाकून फी भरलेली असते आणि रोज रात्री फोनवर "टेस्टला किती पडले?" एवढेच विचारले जाते, तिथे ते खचते. २०२३ साली एकट्या कोट्यात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग क्लासमध्ये घेऊ नये अशी मार्गदर्शक सूचना काढली. पालकांनो, क्लास दुसऱ्या गावात मिळेल, पण निकालाच्या दिवशी पाठीवरून फिरणारा आईचा हात तिथे मिळणार नाही. आणि नुसते नाव एका कॉलेजात घालून वर्षभर क्लासमध्ये बसवण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. सीबीएसईने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा प्रकारांमुळे २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. शाळा गेली की त्यात अडकलेल्या मुलांचे हाल होतात.

आता जे बारावी झाले, पण पहिल्या खेपेला जागा मिळाली नाही, त्यांच्याविषयी. वर्षभर घरी बसून पुन्हा परीक्षा द्यावी की बीएस्सीला प्रवेश घ्यावा, असा पेच असतो. आमचे मत बीएस्सीच्या बाजूचे आहे. रोज कॉलेजात गेल्याने दिवसाला वळण राहते, मित्र मिळतात आणि नीट पुन्हा हुकली तरी हातात एक वर्ष जमा असते. नीट किती वेळा द्यावी यावर मर्यादा नाही आणि कमाल वयाची अटही २०२२ मध्ये काढून टाकली आहे. मात्र एक लक्षात ठेवा, बीएस्सीतून एमबीबीएसला गेल्यावर आधीचे वर्ष धरले जात नाही. पहिल्या वर्षापासून साडेचार वर्षे आणि वर "इंटर्नशिप"चे एक वर्ष करावेच लागते. समुपदेशनात जागा मिळाली की थोड्या दिवसांत मूळ कागदपत्रे घेऊन हजर व्हावे लागते. त्या वेळी कॉलेज कागद अडवून ठेवू लागले तर घाबरू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास मनाई केली आहे आणि फी परत करण्याचे नियमही ठरवून दिले आहेत. नम्रपणे पण लेखी मागणी करावी.

शेवटी विश्वस्त मंडळाला आमची विनंती. इमारतीचा नवा मजला यथावकाश होईल. त्याआधी तीन कामे कमी खर्चात होण्यासारखी आहेत. आठवी ते दहावीच्या विज्ञानासाठी मराठी-इंग्रजी परिभाषेची छोटी पुस्तिका आपल्याच शिक्षकांकडून तयार करून घ्यावी. नववीच्या पालकांसाठी दरवर्षी एक सभा घेऊन दोन्ही राज्यांचे प्रवेशनियम समजावून सांगावेत, आणि चंदगड भागातील पालकांना तर मूल आठवीत दाखल करतानाच सात वर्षांच्या अटीची कल्पना द्यावी. तिसरे, शाळेतून बाहेर पडलेली जी मुले आज वैद्यकीय शिक्षण घेत आहेत किंवा दवाखाने चालवत आहेत, त्यांना महिन्यातून एका शनिवारी शाळेत बोलवावे. खानापूरकडच्या एखाद्या मुलीला आपल्याच बाकावर बसून गेलेली डॉक्टर समोर दिसली, तर तिला लातूरचा रस्ता शोधण्याची घाई राहणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, डॉक्टर जरूर व्हा. आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतात, त्या वाटाही डोळ्यांसमोर ठेवा. आणि टीसीचा अर्ज लिहिण्याआधी एकदा आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना भेटा. तुमचे गाव, तुमची शिकलेली वर्षे आणि तुमची इच्छा एका कागदावर मांडून घ्या. त्यानंतरही बाहेर जाणे योग्य ठरले, तर शाळेचा आशीर्वाद तुमच्याबरोबर आहेच.