विश्लेषण : ‘खारघर’ की ‘रवारधर’? पाट्यांवरचे ठळक-तिरपे मराठी बिघडते कुठे?

खारघरच्या उत्सव चौकातून एक फेरी मारा आणि फक्त पाट्या वाचा. जिम, कुरिअर, गाड्यांचे सर्व्हिस सेंटर, खेळाच्या सामानाचे दुकान अशा अनेक ठिकाणी इंग्रजी नाव जाड आणि उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत दिसते. फाटे नसलेली ही सॅन्स-सेरिफ अक्षरे धावत असल्यासारखी वाटतात आणि धंद्याला शोभतात. शेजारचे मराठी नावही झुकलेले असते, पण ते कुणीतरी मागून ढकलल्यासारखे.

मराठी पाटीचा नियम सगळ्यांना माहीत आहे. 2022च्या कायदादुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी नाव लावावे लागते आणि त्याची अक्षरे इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. 25 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिने दिले. नियमाने अक्षराची उंची मोजली. अक्षर नीट वाचता येते का, हे मोजण्याची सोय त्यात नाही.

बटण दाबले, अक्षर कलंडले

इटॅलिक अक्षरे व्हेनिसची. 1500-1501च्या सुमारास आल्डस मानुशिअसच्या छापखान्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने ती घडवली, तीही हस्ताक्षरावरून. पुढे रोमन लिपीत प्रत्येक फॉन्टला अशी जोडी देण्याचा रिवाजच पडला. देवनागरीत तो नव्हता. मराठी छपाईत एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर तो ठळक करत किंवा अवतरणात टाकत. त्यामुळे आजही मुक्तासारख्या लोकप्रिय फॉन्टमध्ये सात वजने आहेत, तिरपी शैली एकही नाही.

मग पाटीवर तिरपे मराठी येते कुठून? सॉफ्टवेअर सरळ अक्षर धरून वाकवते. यामागचे गणित सोपे आहे. बिंदू जितका उंच, तितका तो उजवीकडे सरकतो. 12 अंशांच्या झुकावात एक फूट उंचीवरचा बिंदू सुमारे अडीच इंच सरकतो. रोमन अक्षरात हे खपून जाते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार असतो. वरचे सगळे उजवीकडे पळते, खालचे मागे राहते. ‘कोपरखैरणे’मधल्या ‘खै’च्या दोन मात्रा पुढच्या ‘र’च्या डोक्यावर झुकतात. शिरोरेषा मात्र आडवीच राहते, त्यामुळे दोरीवरचे कपडे वाऱ्याने एका बाजूला उडावेत तसा शब्द दिसतो. शिवाय वाकवताना उजवीकडे कललेल्या रेषा बारीक होतात आणि डावीकडे कललेल्या जाड. ‘ठ’चा गोल अंड्यासारखा होतो.

ठळकपणाची गडबड वेगळी. फॉन्टचे खरे ठळक रूप नसेल तर सॉफ्टवेअर अक्षराला चहूबाजूंनी सारखाच लेप देते. आतल्या पोकळ्या बुजतात. ‘खारघर’ या नावात वर-खाली काहीच नाही, म्हणून तिरपेपणातून ते बचावते. लेपातून नाही बचावत. ‘ख’चे दोन भाग खाली नीट जुळलेले नसतील तर तो ‘रव’ वाचला जातो. ‘घ’ आणि ‘ध’ यांतला मुख्य फरक वरच्या बाजूला आहे. ‘घ’ शिरोरेषेला जोडलेला, ‘ध’च्या डोक्यावर फट. ती फट बुजली की दोन्ही अक्षरे सारखीच. त्यात पाटीला मागून एलईडी लावला तर उजेड पसरून उरलीसुरली फटही जाते.

जाड देवनागरी वाईटच दिसते, असे मुळीच नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मोदक’ इतका गुबगुबीत आहे की पोकळ्यांच्या जागी जेमतेम चिरा उरतात, तरी अक्षर ओळखू येते. कारण कुठली चीर ठेवायची हे माणसाने ठरवले आहे. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘पॉपिन्स’मध्ये नऊ वजने आहेत आणि प्रत्येकाला तिरपी जोडी. त्यातली देवनागरी निनाद काळे यांनी आखली. हे सगळे फॉन्ट फुकट मिळतात, म्हणजे खर्चाची सबबही उरत नाही. त्याआधीच्या काळात कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षके हाताने काढत. प्रत्येक नाटकाचा स्वभाव त्याच्या अक्षरांत उतरे. तेव्हा वाकवणारे बटणच नव्हते, हेही खरे.

कुठे शोभते, कुठे नाही

वेग, जोर, घाई सांगायची असेल तर ठळक-तिरपे अक्षर चोख काम करते. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे उजवीकडचा कल म्हणजे पुढे जाणे. दोन-तीन शब्दांचे नाव, सेलचा फलक, स्पर्धेचा बॅनर इथे ते हवेच. दवाखान्याचा बाण, औषधाच्या दुकानाची पाटी, इमारतीचे नाव इथे नको. रात्री अकराला पत्ता शोधणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाला अक्षराच्या वेगाशी देणेघेणे नसते.

फॉन्ट कोणता वापरावा याचा आणखी एक सरकारी नियम मात्र कुणी करू नये. त्यातून एकाच साच्याच्या पाट्या निघतील. पनवेल महापालिकेला काही करायचेच असेल तर चांगल्या-वाईट पाट्यांचे चार नमुने संकेतस्थळावर टाकावेत. बाकी काम दुकानदार आणि फ्लेक्सवाल्यात होऊ शकते. मराठी नाव आधी सरळ, खऱ्या ठळक फॉन्टमध्ये मांडून घ्यावे. तिरपे हवेच असेल तर मात्रा आणि वेलांट्या हाताने जागेवर आणायला सांगाव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे. मग पाटीचा फोटो मोबाइलवर बोटभर करून, नाव माहीत नसलेल्या माणसाला वाचायला द्यावा. तो अडखळला तर पाटी छापायला टाकू नये.