औषध स्वस्त झाले, मोजणीचे काय?

1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, तो दिवस श्रमिकांच्या विजयाचा होता. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब हे औषध कंपनी महिना सुमारे 1 लाख 20 हजार रुपयांना विकत होती. तेच औषध भारतीय कारखाने आठ-दहा हजारांत देत होते. नफेखोरीचा तो डाव उधळला गेला. परंतु औषध स्वस्त झाले म्हणजे रुग्ण वाचला, असे मानून स्वस्थ बसणे ही शुद्ध आत्मवंचना आहे.

या रोगाची चाल डोळ्यांना दिसत नाही. 9 आणि 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे विकृत प्रथिन तयार होते व पांढऱ्या पेशींच्या बेसुमार वाढीस तेच कारण होते. औषध त्याच प्रथिनाला जखडते. रुग्णाला हुशारी येते, तो कामावर जाऊ लागतो. पण रोग पुन्हा डोके वर काढत आहे काय, हे केवळ रक्त सांगते. तपासणीत या प्रथिनाचा जनुकीय संदेश मोजला जातो. हे प्रमाण तीन महिन्यांनी 10 टक्के, सहा महिन्यांनी 1 टक्का आणि वर्षअखेर 0.1 टक्का किंवा त्याहून कमी असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मोजणीच झाली नाही, तर निष्प्रभ ठरलेली गोळी रुग्ण महिनोन् महिने श्रद्धेने गिळत राहतो.

अकोले तालुक्यातील राजूर-भंडारदऱ्याच्या डोंगरातल्या महादेव कोळी वा ठाकर मजुराला ही मोजणी कोठे मिळणार? त्यासाठी नाशिक, पुणे नाही तर घाट उतरून मुंबई गाठायची. दोघांचे भाडे, बुडालेली मजुरी, परक्या शहरातला मुक्काम. आणि हे दर तीन महिन्यांनी! एक खेप चुकली, मग दुसरी चुकली, की शहरातले शहाणे 'आदिवासी बेफिकीर' म्हणून मोकळे होतात. बेफिकीर कोण आहे? रुग्ण की व्यवस्था?

काहींचा युक्तिवाद असा, की आरोग्यकेंद्रांत साध्या सोयींची वानवा असताना असल्या उंची तपासण्यांची चैन कशाला? हा युक्तिवाद गरिबांच्या नावाने गरिबांनाच नाकारण्याचा आहे. यंत्र अकोल्यात बसवा, असे कोणी म्हणत नाही. रक्ताची नळी वेळेत प्रयोगशाळेत पोहोचली की पुरे. शासकीय आरोग्यकेंद्रांतून नमुने गोळा करून नेण्याची 'महालॅब' व्यवस्था एच.एल.एल. या सरकारी कंपनीमार्फत राज्यात 2017 साली उभी राहिली. म्हणजे वाट पाडलेली आहे. तिच्यावरून ही एक नळी नेण्याची इच्छा तेवढी हवी. ज्या राज्यात 1941 पासून टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे, तेथे विद्येची उणीव आहे असे कोण म्हणेल?

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रवास नमुन्याने करावा, रुग्णाने नव्हे. दर तीन महिन्यांची ही मोजणी विनामूल्य व्हावी आणि तिचा निष्कर्ष तालुक्याच्या रुग्णालयात मिळावा. एप्रिल 2023 मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली याच अकोल्यातून हजारो पावले लोणीच्या दिशेने चालली. जमिनीच्या हक्कासाठी जी पावले उठली, ती जगण्याच्या हक्कासाठीही उठतील, हे सत्ताधाऱ्यांनी विसरू नये.